पाकटाचं गेज

आमच्या गावात रापणीत वाटा असणं म्हणजे गावात असणं. घर पडलं तरी चालतं, माझं पडलेलंच आहे. पण रापणीतून नाव गेलं की माणूस गेला.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडी ते समुद्रात अर्ध्या गोलात सोडत जाते, दोन टोकांचे दोर किनाऱ्यावर असतात, आणि दोन्ही बाजूंना गाव उभं राहून ओढतं. जाळं एकाचं नसतं. घरटी एकेक तुकडा, ते तुकडे जोडून रापण व्हायची. ज्याचा तुकडा त्याला वाटा. ज्याने दोराला हात लावला त्यालाही वाटा, मग तो वाटेने चाललेला पोस्टमन का असेना. दोन्हीपैकी काहीच ज्याचं नाही तो पाव्हणा. पाव्हण्याला पोटभर जेवायला घालतात आणि काही विचारत नाहीत.

मी पाव्हणा नाही. हे आधीच लिहून ठेवतो.

माझं शिक्षण चौथी. पाचवीचा वर्ग पलीकडच्या गावात होता आणि मध्ये खाडीचं तोंड. तिथे वाळूचा बांध आपोआप तयार झालेला आहे, त्याच्या आत पाणी मांडीपर्यंत. त्याला आम्ही उथळ म्हणतो. ते उथळ चालत ओलांडायचं आणि शाळेत जायचं. त्या पाण्यात पाकटं असायची. पाकट म्हणजे थाळीसारखा चपटा मासा, चाबकासारखी शेपटी, शेपटीवर काटा. अंगावर वाळू ओढून तळाशी पडून राहतं, दिसत नाही. त्यावर पाय पडला की काटा बसतो आणि मग माणूस बराच वेळ आईचं नाव घेतो. म्हणून तिथे कोणी पाय उचलत नाही. घासत चालायचं. पाय घासत आला की पाकटाला कळतं, ते बाजूला होतं. मला ते चालणं लगेच जमलं. पलीकडच्या मास्तरांचं आणि माझं मात्र जमलं नाही. पाकटांची माझ्याविषयी काही तक्रार नव्हती.

मग भोसरी. आधी झाडू, मग लेथ, मग तपासणीचं टेबल. त्या टेबलावर बसलो तो रिटायर होऊनच उठलो. माझ्या हाताखालून गेलेला माल परत आला नाही. आला असेल तर तो टेम्पोवाल्याने पाडला असेल.

इतकी वर्षं भोसरीत काढली, आता संत तुकाराम नगरात राहतो, पण माझा तुकडा रापणीत होता. दर गणपतीला जायचो, दोराला हात लावायचो, वाटा घेऊन यायचो. मग गुडघा गेला. एक गणपती चुकला, पुढचाही चुकला. आणि श्रावणात पुतण्याचा फोन आला. पुतण्या म्हणजे मोठ्या भावाचा मुलगा. गावी असतो, रापणीचं सगळं तोच बघतो.

"काकानू, एक सांगूचा हा. रागावू नकात."

"सांग."

"तुमचो तुकडो कुसलो. आमी आता रापण नवीन घेतली. तुकडे नाय, एकच जाळां."

"बरं."

"आणि तुमी ओढूक येऊक नाय."

"गुडघा आहे."

"गुडघो माका म्हायत हा. पण सभेत लोक विचारतले. जाळां नाय, हात नाय, मग वाटो कसलो?"

मी म्हटलं, वाटा मासळीचा नको मला, इथे पिंपरीच्या बाजारात सगळं मिळतं. तो म्हणाला, मगे काय नको म्हणतास तर सोपाच झाला. मी म्हटलं, सोपं काही झालेलं नाही. नाव राहिलं पाहिजे.

  त्याने फोन ठेवला नाही.

मग मी विचारलं, सभेत दुसरं काय आहे?

"पाकटां," तो म्हणाला.

गावात एक मॅडम येऊन राहिली होती. पाकटांचा अभ्यास करते. मुंबईहून आली, देवळाजवळच्या खोलीत भाड्याने राहते, रोज उथळात उभी असते. तिचं म्हणणं असं की हे उथळ म्हणजे पाकटांच्या पिल्लांचं घर आहे. मोठी पाकटं तिथे येऊन पिल्लं घालतात आणि जातात. पिल्लं तिथेच वाढतात, कारण एवढ्याशा पाण्यात मोठा मासा शिरत नाही, आणि कोळंबी, खेकडे खायला आहेत. तेव्हा पिल्लांच्या महिन्यांत उथळात रापण घालू नका.

समुद्र खवळलेला असला की आमची रापण उथळातच घालतात. ते बंद करा म्हटल्यावर गाव बिथरलं. पण गाव माणुसकीचं आहे. म्हणाले, जागा बंद करत नाही, बारकी पाकटं सोडून देतो. बारकं म्हणजे किती? तर एक वीत. वितीपेक्षा लहान ते सोडायचं, मोठं ते ठेवायचं. आणि तिथून भांडण लागलं. कारण वीत कोणाची? आमच्याकडे एक तांडेल आहे, होडीवरचा म्होरक्या, त्याचा पंजा फावड्याएवढा. त्याच्या वितीने गावातलं प्रत्येक पाकट बारकं. दुसरा एक आहे, त्याचा हात बाईसारखा. त्याच्या वितीने पिल्लू पण आजोबा. पाऊस लागेपर्यंत रोज सकाळी किनाऱ्यावर मासे मरत पडलेले आणि बाप्ये एकमेकांचे पंजे धरून उभे.

हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. हा गेजचा विषय होता.

गेज म्हणजे काय ते सांगतो. वर्कशॉपमध्ये प्रत्येक नगाला पट्टी लावून मोजत बसलं तर माल संध्याकाळपर्यंत निघणार नाही. म्हणून एक पक्का तुकडा करून ठेवतात. त्यातून नग गेला तर एक, नाही गेला तर दुसरं. अक्षरओळख लागत नाही, भांडण होत नाही. वितीची भांडणं भोसरीने कधीच मिटवली होती, गावाला माहीत नव्हतं एवढंच.

मी पुतण्याला म्हटलं, "सभेत सांग, काका गेज देणार. जाळ्याचा तुकडा गेला, तर हा माझा तुकडा."

"काय देणार?"

"तू नुसतं सांग."

दुसऱ्या दिवशी पिशवीत व्हर्निअर घेतला आणि पिंपरीच्या मासळी बाजारात गेलो. व्हर्निअर म्हणजे मापाचं हत्यार, केसाएवढा फरक दाखवतं. तिथे एक बाई आहे, तिच्याकडून मी काळे केस होते तेव्हापासून मासे घेतो. तिच्यापुढे टोपलीत पाकटं होती, बारकी पण, मोठी पण. मी एक उचललं आणि पंखापासून पंखापर्यंत व्हर्निअर लावला. पुरेना. मग टेप लावला.

बाईने सुरी थांबवली. "काका, ब्लाऊज शिवताय काय त्याला?"

"माप घेतोय."

"घ्या घ्या. बाह्या लांब ठेवा, पावसाचे दिवस आहेत."

शेजारच्या बायका हसल्या. मी लक्ष दिलं नाही. टोपलीतली सगळी पाकटं मोजली, तिच्या शेजारणीची पण मोजली. लहानांचा एक ढीग झाला, मोठ्यांचा एक ढीग झाला. मधली थोडीच होती. मधोमध रेघ मारायची, इतकं सोपं होतं. काहींची पाठ खरखरीत होती, काहींची गुळगुळीत. फिनिशिंगचा फरक म्हणून मी ते सोडून दिलं.

तरी खात्री असावी म्हणून विचारलं, "ही सगळी पाकटंच ना?"

"पाकटं नाहीत तर काय पापड?" बाई म्हणाली.

झालं. माझ्या बाजूने चौकशी पूर्ण झाली.

तिथून भोसरीला, एका वर्कशॉपमध्ये गेलो. मालक तिथलाच, भोसरीच्या जुन्या गावातला. शेत होतं तिथे शेड टाकली. पोरसवदा होता तेव्हा माझ्या टेबलाशेजारी उभा राहून तपासणी शिकला. आता चाकणच्या कंपन्यांना ब्रॅकेट पुरवतो आणि मला बसायला स्वतःची खुर्ची देतो. मी कागदावर काढून नेलं होतं. चौकोनी पत्रा, मध्ये लांब खाच.

त्याने कागद आडवा धरला, मग उभा धरला. "काका, ह्यो पार्ट कुठला?"

"मासा."

"कुठल्या कंपनीचा?"

"मासा रे. पाकट. त्याचं गेज करायचंय."

त्याने कागद टेबलावर पसरला. मग म्हणाला, "टॉलरन्स किती धरू? मापात किती इकडंतिकडं चालंल?" म्हणून मला तो माणूस आवडतो.

"खाऱ्या पाण्यात राहणार. स्टेनलेस लागेल."

"हाय की, तुकडं पडल्यात. पर काका, ती मॅडम हाय न्हवं गावाला? तिला येकदा ड्रॉइंग दाखवा की राव."

"ड्रॉइंग माझं आहे."

"व्हय, पर मासा तिचा हाय."

"मासा गावाचा आहे. तू पत्रा काप."

त्याने कापला. लेझरची धार असते, ती तशी ठेवली तर पिल्लाचं अंग कापेल. ओलं, मऊ असतं ते. म्हणून खाचेच्या कडा मी स्वतः बसून कानशीने गोल केल्या, मग पॉलिश पेपर मारला. ब्रॅकेटवाल्या पोरांनी कामं सोडून बघितलं. एका बाजूला कोरलं: गेलं तर सोडा. दुसऱ्या बाजूला: अडलं तर ठेवा. वर दोरी बांधायला भोक. आयुष्यात पुष्कळ गेजं वापरली, केलेलं हे पहिलं. गोणपाटात गुंडाळून नाशिक फाट्यावर कोकणच्या बसमध्ये ओळखीच्या ड्रायव्हरच्या पायाशी ठेवलं. त्याने विचारलं, काय आहे? मी म्हटलं, माझा तुकडा. त्याने पुढे विचारलं नाही.

नारळी पौर्णिमा झाली आणि सभा झाली. पुतण्याने फोन करून सांगितलं की गेज हातोहात फिरलं. फावड्याएवढ्या पंजावाल्या तांडेलाने ते वाजवून बघितलं आणि म्हणाला, तुकडो तो तुकडो, सुताचो काय नि पत्र्याचो काय. माझं नाव राहिलं.

"आणि मॅडम?" मी विचारलं.

"मॅडम सभेक नव्हती. मुंबैक गेली हा."

थोड्या दिवसांनी बसमधून थर्माकोलचा डबा आला. बर्फात बांगडे. बायकोने ते बघितले आणि म्हणाली, इथे बाजारात याहून मोठे मिळतात. मी म्हटलं, ते बाजाराचे. हे वाट्याचे. तिने मसाला लावला. मी दोन शेजाऱ्यांना नेऊन दिले आणि दोघांनाही सांगितलं की वाट्याचे आहेत.

असा तो पाऊस संपला. दिवाळी झाली. मग एक दिवस अनोळखी नंबरवरून फोन आला.

"काका, नमस्कार. मी पाकटांचा अभ्यास करते. तुमचा नंबर तुमच्या पुतण्याने दिला."

मी म्हटलं, "गेज कसं आहे?"

"सुंदर आहे," ती म्हणाली. "इतक्या गोल कडा कोणी करत नाही."

मी खुर्चीत नीट बसलो.

"पण काका, ते चुकतंय."

"गेज चुकत नाही. धरणारा चुकतो. सरळ धरतात का?"

"सरळ धरतात. काका, पाकट एकच नसतं. तुमच्या उथळात निदान दोन जाती आहेत. एक जात लहानच राहते. ती आयुष्यभर वाढली तरी तुमच्या खाचेतून जाईल. दुसरी जात मोठी होते, दाराएवढी. तिचं पिल्लू जन्मतःच जवळपास त्या पहिल्या जातीच्या आईएवढं असतं. थोडं वाढलं की तुमच्या खाचेत अडतं."

मी दोन बोटांत खाचेएवढं अंतर धरून बघितलं.

"म्हणजे सोडली जातात त्यांतली पुष्कळशी म्हातारी आहेत. ठेवली जातात ती पोरं आहेत."

"खरखरीत पाठीची कुठली?" मी विचारलं.

तिने उलट विचारलं, "तुम्ही पाठ बघितली होती?"

"बघितली होती."

तिने त्यावर पुढे काही विचारलं नाही. बाई सुसंस्कृत आहे.

मग तिने मला बरंच सांगितलं, आणि मी ऐकून घेतलं, कारण फोन तिने केला होता. पाकट अंडी घालत नाही, पिल्लंच घालतं, आणि ती मोजकीच. मोठं व्हायला वर्षं घेतं. बांगड्यासारखं नाही की या वर्षी गेले तर पुढच्या वर्षी आले. नर असेल तर शेपटीच्या मुळाशी दोन बोटांसारखे अवयव असतात. ते दाबून बघायचे. नरम असतील तर पोरगं, कडक असतील तर बाप्या.

"म्हणजे हार्डनेस," मी म्हटलं. "माप नाही बघायचं, कडकपणा बघायचा."

"नरांचा. माद्यांचं बाहेरून कळत नाही."

"मग अर्धा लॉट विनातपासणी."

"हो. आणि काका, गेज एक आहे आणि जाळ्यात पाकटं ढीगभर. ती आपल्या पाळीची वाट बघत वाळूवर पडलेली असतात. सोडा म्हणून ज्यांना सोडतात त्यांतली किती जगतात, मला खरंच सांगता येणार नाही."

मी पलीकडे खिडकीतून रस्त्याकडे बघत होतो. शिफ्टची बस थांबली होती, माणसं चढत होती.

"मग तुमचं म्हणणं काय?" मी विचारलं.

"माझं म्हणणं पहिल्यापासून तेच आहे. मासा मोजू नका, जागा सोडा. पिल्लं कुठेही चुकून सापडतात, म्हणून प्रत्येक जागा त्यांची होत नाही. पण बाकीच्या किनाऱ्यापेक्षा तिथे जास्त सापडली, तिथेच राहिली, आणि दर वर्षी तिथेच आली, तर ती जागा त्यांची. तुमच्या उथळात तिन्ही होतंय. असं उथळ आसपास दुसरं नाही. थोडे महिने तिथे जाळं नको, एवढंच."

"मग सांगा सभेत."

"सांगितलं. आता म्हणतात, गेज आहे ना, मग जागा कशाला सोडायची? पुन्हा सभा बोलावली आहे, आठवड्याने. माझं ऐकणार नाहीत. गेज तुमचं आहे."

मी म्हटलं, बघतो. फोन ठेवला.

बायको भाजी निवडत होती. "कोण होती?"

"मॅडम. गेज सुंदर आहे म्हणाली."

"एवढा वेळ?"

आता माझी अडचण कोणाच्याही लक्षात येईल. गेज म्हणजे माझा तुकडा. गेज गेलं की तुकडा गेला, तुकडा गेला की वाटा कसला, हे पुतण्याने आधीच विचारून ठेवलं होतं. गप्प बसलो तर कोणी मला काही म्हणणार नव्हतं. मॅडमने दोन जाती सांगितल्या, मी एक सांगितली होती. गावाला एक सोयीची होती. आणि खरं सांगायचं तर गेजमध्ये माझी चूक नव्हती. खाच मापात होती, आजही लावून बघा. मासे ड्रॉइंगप्रमाणे नव्हते.

तीन-चार दिवस मी हेच म्हणत फिरलो. एकदा आळंदीला जाऊन आलो, इंद्रायणीच्या घाटावर बसलो. तिथलं पाणी बघून कोणताही मासा आठवत नाही. परत येताना भोसरीला उतरलो.

वर्कशॉपमध्ये मालक एका ऑपरेटरवर तापला होता. ब्रॅकेटची भोकं सरकली होती, आणि ऑपरेटर म्हणत होता, मालक, लॉट तपासून घेतो, चुकलेलं बाजूला काढतो, बाकीचं जाऊ द्या.

मालक म्हणाला, "तपासून माल सुधारतो व्हय रं? आदी मशीन बंद कर. चुकतंय तिथं जा, बाहेर बसून ढीग काय चाळतुयास?" मग माझ्याकडे बघून म्हणाला, "काय काका? बरुबर न्हाई का? तुमचंच हाय हे. तुमच्या टेबलापाशी माझ्यावर वरडला व्हता."

मी म्हटलं, "तू तेव्हा खरंच गाढव होतास."

"व्हय," तो म्हणाला. "चा घ्या."

चहा घेतला. त्यांनी मशीन बंद केलं होतं. शेड शांत झाली होती, आणि ते बरं वाटत नव्हतं, कारण मशीन बंद म्हणजे ब्रॅकेट बंद, आणि चाकणची गाडी संध्याकाळी येणार होती. तरी त्याने बंद केलं. मी कप खाली ठेवला आणि त्याला सांगितलं की मासा दोन जातींचा निघाला.

"मंग?"

"गेज चुकीच्या कामाला लागलं."

तो माझ्या गेजला चुकीचं म्हणाला नाही. एवढंच म्हणाला, "आपल्या हितं गेज बाद झालं तर काय करायचं, काका?"

बाद झालेलं गेज शॉपमध्ये ठेवायचं नाही. लाल खूण करायची आणि ज्याने दिलं त्याने परत घ्यायचं. दुसऱ्याने नाही. हे मीच त्याला शिकवलं होतं. 

सभेच्या दिवशी पुतण्याने फोन स्पीकरवर टाकला आणि देवळाच्या पायरीवर ठेवला. मला समुद्र ऐकू येत होता, माणसं खाकरत होती. मी म्हटलं, "गेज मी दिलं होतं. ते मी परत घेतोय. आजपासून त्यातून मासा घालायचा नाही."

पलीकडे गडबड झाली. कोणीतरी म्हणालं, "कित्याक? चांगला चल्लाहा."

मी दोन जाती सांगितल्या. म्हाताऱ्या सोडल्या जातात, पोरं ठेवली जातात, हे सांगितलं. तांडेलाचा आवाज आला, "मगे दोन गेजां करून धाडा."

"करून देईन. पण आधी पाकटाने तोंड उघडून आपली जात सांगितली पाहिजे." कोणीतरी हसलं. मी पुढे म्हटलं, "तपासायचं नाहीच. पिल्लांच्या महिन्यांत उथळात जाळं घालायचं नाही. महिने मॅडम सांगेल. बाहेर घाला, दर्यात घाला."

मग एक आवाज आला, कोणाचा तो ओळखला नाही, पोरांपैकी असेल. "आजोबानू, दर्या खवळल्यार आमी काय खावचा? तुमी थय भोसरीत बसून सांगतास. ओढूक तर येणास नाय."

हा प्रश्न बरोबर होता. मला त्याचा राग आला, पण बरोबर होता.

मी म्हटलं, "खवळलेल्या दिवशी उथळात जे मिळतं ते सांग मला. बांगडा मिळतो? सुरमई मिळते? पिल्लं मिळतात. त्यांना बाजारात कोण विचारतं? मी इथे पिंपरीत टोपलीच्या टोपल्या बघितल्यात, शेवटी बाई वर फुकट घालते. त्या उथळातून मी शाळेत गेलो. पाकटांमुळे पाय ठेवायला जागा नसायची. आता तुझा पोरगा धावत जातो, पाणी उडवत. जातो की नाही?"

 समुद्र तेवढा ऐकू येत होता.

"आणि माझ्या वाट्याचं काय ते तुम्ही ठरवा," मी म्हटलं. "जाळं नाही, हात नाही, गेज मी परत घेतलं. मी त्यावर बोलणार नाही." आणि फोन बंद केला, म्हणजे बोलायची वेळ येऊ नये.

बायको म्हणाली, "एवढ्या मोठ्याने कशाला ओरडायचं? खालच्या मजल्यावर ऐकू गेलं."

संध्याकाळी मॅडमचा मेसेज आला. मला वाचायला वेळ लागतो, तिने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. गावाने उथळ सोडलं होतं. एक हंगाम करून बघू म्हणाले. माझ्या वाट्याचं त्यात काही नव्हतं. पुतण्याचा फोन आला नाही. मी केला नाही. गेजही परत आलं नाही. एक-दोनदा नाशिक फाट्यावर त्या ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, काही दिलेलं नाही. मी म्हटलं, सहज विचारलं.

बाजारात जात होतो. बाईपुढे पाकटं असली की मी दुसऱ्या टोपलीत बघायचो.

"काय काका, मापं घेऊन झाली? शिवलेला ब्लाऊज कुठे?"

"कपडा दोन जातींचा निघाला," मी म्हटलं. तिने ते समजून घेतल्यासारखं केलं आणि बोंबील दिले.

महिने असेच गेले. मग परवा बसमधून डबा आला. थर्माकोल, वर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर माझं नाव पुतण्याच्या अक्षरात. आत बांगडे आणि थोडे सौंदाळे. पाकट नाही. मी डबा टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसलो. बायको म्हणाली, बर्फ वितळतोय.

दुपारी फोनवर फोटो आला. वाळूच्या बांधाचं टोक, तिथे पाण्यात रोवलेला माडाचा खुंट, आणि खुंटाला खिळ्याने ठोकलेलं माझं गेज. ऊन पडून चकाकत होतं. मागे उथळ, आणि उथळात कोणी नाही.

मी फोन लावला.

"हद्द दिसाक होयी ना," पुतण्या म्हणाला. "लाकूड कोणाच्या डोळ्यांक दिसणा नाय, पत्रो लांबसून चकाकता. आता सगळे म्हणतत, गेजाच्या भायर घाला, गेजाच्या आत नको. पोरां पण तसाच म्हणतत. उथळात पाकटां परत दिसतत. तुमचो तुकडो तो तुकडो, काकानू. वाटो चालू हा."

मी म्हटलं, "ते ठीक. पण खुंट वाकडा आहे."

"काय?"

"फोटोत बघ. ओळंब्यात नाही. दर्याच्या बाजूला कललाय. माझं गेज वाकड्या खुंटाला मारलंयस."

"काकानू, ती वाळू हा. खुंट कलतलोच."

"कलतो कारण खोल गेलेला नाही. आणि खिळा मारलास? लोखंडी? गंजेल. खाली स्टेनलेस आणि वर लोखंडी खिळा, हे कोणी शिकवलं तुला?"

"मगे काय करू?"

"तू काही करू नकोस. मी येतो."

"गुडघो?"

मी म्हटलं, दोर ओढायला येत नाही, खुंट सरळ करायला येतोय. बस देवळापर्यंत येते. तिथून उथळातून खुंटापर्यंत चालायचं तेवढं.

बायको हे सगळं ऐकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, घरातल्या घरात भिंत धरून चालता, आणि पाण्यातून जाणार?

तिला मी सांगितलं ते इथेही लिहितो. गुडघा गेल्यापासून मला पाय उचलता येत नाही, घासत चालतो. डॉक्टर म्हणाले, ही चालायची पद्धत चुकीची आहे. त्यांचं शिक्षण पुष्कळ आहे, पण त्यांनी ते उथळ बघितलेलं नाही. तिथे आता पुन्हा पाकटं आहेत, आणि तिथे असंच चालतात.

भोसरीतून स्टेनलेसचे बोल्ट आणलेत. ओळंबा पिशवीत टाकलाय.